एकत्र कुटुंबाचा डेस्कटॉप

डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "त्याला कशात तरी गुंतवा." कशात, ते त्यांनी सांगितलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं. पण डॉक्टरांना बाहेर बसलेले पुढचे पेशंट दिसत होते, आणि तिला घरात पाऊल टाकायच्या आधीच कामाला लागायची सवय होती. दवाखान्याच्या जिन्यातच तिने ठरवून टाकलं, की आता नवऱ्याला गुंतवायचंच.

नवरा आतल्या खोलीत पाठ टेकून पंख्याकडे बघत पडलेला असायचा. तो आरेखक. पूल, गटारं, पाण्याच्या टाक्या यांचे नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याच्या कचेरीतला आरेखनाचा विभागच बंद झाला. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही, कुणी 'तुम्हाला काढलं' असंही म्हणालं नाही. एका सकाळी येऊन टेबलं उचलून नेली, एवढंच. तेव्हापासून त्याचं बोलणंही कुणी टेबलाबरोबर उचलून नेल्यासारखं झालं होतं. अगदी मुका नव्हता झाला. "वाढू का?" म्हटलं की "वाढ." "दिवा घालवू?" की "घालव." शेजारणीची वाटी धुऊन परत करावी तसा तिचाच शब्द तो तिला परत करायचा. स्वतःहून मात्र त्याने कुणाला काही विचारलंय, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. पोरीला ताप आहे का, पाणी गेलं का, आज वार कोणता; काही नाही. डॉक्टरांनाही तिने हेच सांगितलं होतं. "झोपतो, जेवतो, पण डॉक्टर, तो काही विचारतच नाही हो." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं की नुसतंच पेन फिरवलं, हे तिला टेबलाच्या या बाजूने नीट दिसलं नाही.

ती जात्याच काळजीवाहू. तीन वर्षांच्या लेकीला, म्हणजे गुंडीला, एक शिंक आली की हिच्या मनात दवाखाना, सलाईन आणि रडणारे नातेवाईक इथपर्यंत सगळं येऊन जायचं. गॅस बंद केलाय हे ती हाताने, डोळ्यांनी आणि मग परत एकदा हाताने बघायची. आता तिला आणखी एक विद्या येऊ लागली होती. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता आतल्या खोलीतली कॉट कशी करकरली यावरून तो कुठल्या कुशीवर वळला हे तिला कळायचं. भिंतीकडे वळला की तिची पोळी फुगायची नाही.

तर गुंतवायचं. आणि गुंतवायला तिला आठवला तो पुलांचा खेळ. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, सर चहाला गेले की, हे दोघं एकाच कीबोर्डवर बसून तो खेळायचे. नदीच्या या काठावरून एकाने पूल बांधत यायचं, त्या काठावरून दुसऱ्याने. मध्ये दोन्ही तुकडे जुळले की एक छोटा ट्रक पुलावरून जायचा. न जुळले तर पाण्यात पडायचा. त्यांचं लग्न जमलं ते याच खेळात, असं दोघांच्याही मित्रमंडळींचं मत होतं. कीबोर्ड अरुंद असतो.

खेळाची फाइल नवऱ्याच्या जुन्या सामानात सापडली. कॉम्प्युटरही होता. बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी, सासऱ्यांच्या आरामखुर्चीसमोर. सासरे त्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळ पेपर वाचायचे. पण कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता की सुरू होईपर्यंत आदल्या दिवसाच्या बातम्या खऱ्याखोट्या ठरून जायच्या, आणि खेळ तर तो हातात घ्यायलाच तयार नव्हता.

तिने धाकट्या भावाला फोन केला.

"ताई, विंडोज काढून लिनक्स टाक," तो म्हणाला. "जुनी मशीनंसुद्धा पळतात त्याच्यावर. अर्ध्या तासाचं काम."

'अर्ध्या तासाचं काम' हे शब्द ज्याच्या तोंडून येतात त्याच्या हातून ते काम सहसा होत नाही, हे संसारात पडलेल्या बाईला कळायला हवं होतं. पण भाऊ खरंच रविवारी आला, पेनड्राइव्ह खुपसून लिनक्स टाकलं, दुपारी भरपेट जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने आपल्या गावी नोकरीवर निघून गेला. मागे राहिला तो झकपक, वेगवान, कुणाच्याही ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर उभे राहिलेले सासरे.

"पोरी, माझा पेपर इथे डाव्या कोपऱ्यात असायचा," ते म्हणाले. पोहे कुठल्या डब्यात ठेवलेत असं विचारावं तसं. "आणि अक्षरं ही अशी मुंग्यांएवढी?"

लिनक्सचं वैशिष्ट्य असं की त्यात सगळं बदलता येतं. हे वरदान आहे असं भाऊ म्हणाला होता. एकट्या माणसाला असेलही. तिने सासऱ्यांचा पेपर डाव्या कोपऱ्यात आणला. मग सेटिंगमध्ये शोधून सगळंच दुप्पट मोठं करून टाकलं, इतकं की आरामखुर्चीत मागे रेलूनही मथळे वाचता यावेत. सासरे खूश झाले. तिलाही बरं वाटलं. कुणाचं तरी काही तरी तिच्या हातून सुधारलं, हा अनुभव त्या घरात अलीकडे दुर्मीळ झाला होता.

तिथेच थांबायला हवं होतं. पण बाहेरच्या खोलीतली वस्तू ही एकट्या घराची नसते.

समोरच्या दारातले वीजकाका आले. आयुष्यभर वीज खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना वीजकाकाच म्हणत. त्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीला तळहात लावला, एखाद्या पोराचा ताप बघावा तसा. "तापतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "तापमान समोर दिसलं पाहिजे. नाही तर एक दिवस कळेल, पण तेव्हा कळून उपयोग नसेल." काळजीवाहू बाईला याच्यापुढे आणखी काय सांगावं लागतं? तिने वरच्या पट्टीत तापमान आणून ठेवलं. मग सासऱ्यांना घड्याळ हवं झालं. मग वीजकाकांना सेकंद दाखवणारं घड्याळ हवं झालं, कारण सेकंदाशिवाय घड्याळाला ते घड्याळ मानत नसत.

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी ब्लाउज द्यायला आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "अगं बाई, घरात आजारी माणूस, आणि हा असा राखाडी रंग? मन आणखी खचेल त्याचं. आबोली लाव. नाही तर मोरपंखी." तिने मोरपंखी लावला. वहिनींना स्क्रीनवरच्या खिडक्या उघडताना पडद्यासारख्या झुळझुळलेल्याही हव्या होत्या, आणि लिनक्सवर तेही होतं. गुंडीला माउसच्या बाणामागे पडद्यावर धावत सुटणारं एक छोटं मांजर मिळालं. बाण थांबला की मांजर तिथेच वेटोळं करून झोपायचं. गुंडी त्याला हलक्या आवाजात गोष्ट सांगायची.

आठवडाभरात त्या डेस्कटॉपची अवस्था सोसायटीच्या फलकासारखी झाली. ज्याला जे वाटेल ते त्याने लावलेलं, आणि काढायची कुणाची छाती नाही. आतल्या खोलीतून कॉट करकरायची. भिंतीकडे.

मग तिने मुख्य कामाला हात घातला. पुलांचा खेळ लिनक्सची भाषा बोलत नव्हता. भाऊ फोनवर म्हणाला, "मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो, ताई. असा प्रोग्राम असतो. सोपं आहे." दुभाष्या बसवला. खेळ सुरू झाला, म्हणजे नदीचा खळखळाट ऐकू आला. पडदा मात्र काळाकुट्ट. गुंडी दुपारी झोपल्यावर ती त्या काळ्या पडद्यासमोर नदीचा आवाज ऐकत बसायची. एकदा सासरे म्हणाले, "छान वाटतंय हो, पण यात करायचं काय असतं?"

भाऊ कामात होता, फोन उचलेना. तेव्हा ती लिनक्सवर खेळ खेळणाऱ्यांच्या एका मोठ्या मदतमंचाची पायरी चढली. तिला वाटलं होतं, तिथे तिच्यासारखीच अडलेली-नडलेली माणसं असतील. होती, पण सरकारी खिडकीच्या बाहेर. आत बसलेल्यांचा कारभार वेगळा होता.

तिचा पहिला प्रश्न थोड्याच वेळात बंद झाला. 'हा प्रश्न "अडचणी" विभागात नव्हे, "नवशिक्यांच्या अडचणी" विभागात विचारावा.' पदवीधर बाई, नवशिकी म्हटल्याचं दुःख गिळून ती त्या विभागात गेली. तिथे शीर्षकावर हरकत निघाली. तिने शीर्षक लिहिलं होतं, 'कृपया मदत करा, घरात आजारी माणूस आहे.' खाली शेरा आला, 'शीर्षकात अडचण लिहावी, घरची परिस्थिती नको.' तिसऱ्या वेळी तिने सगळं नियमाप्रमाणे लिहिलं, यंत्राची कुंडली जोडली, आणि उत्तर आलं की हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे, कृपया शोधून विचारावे. तिने शोधला. खरंच होता. अनेक वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसाने हाच खेळ, हाच काळा पडदा, हाच नदीचा आवाज असा प्रश्न विचारला होता. खाली त्याचीच शेवटची ओळ होती: 'सुटलं. धन्यवाद.'

कसं सुटलं, ते नव्हतं. तिने आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण त्या दुपारी, त्या अनोळखी माणसाच्या घरचं दूध दर सकाळी नासावं, असं तिच्या मनात आलं.

अखेर 'घुबड' नाव घेतलेल्या एकाला दया आली. त्याने सांगितलं, पडदा काळा आहे कारण चित्र दाखवणारा ड्रायव्हर जुना आहे, नवा टाका. टाकला. नदी दिसली. पण खेळाआधी आपोआप दिसणाऱ्या नमुन्यातला ट्रक असा चालायचा, जसा गावच्या शाळेतला पोरगा भाषण विसरत-आठवत म्हणतो. घुबड म्हणालं, खेळताना पडद्यावरची झुळझुळ बंद करा, आणि मागे जे काही धावतंय ते काढा.

मागे जे धावत होतं ते मांजर. तिने ते काढलं. गुंडी झोपेतून उठली, कॉम्प्युटरपुढे गेली, माउस हलवून बघितला, आणि त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला, दूधवाल्यालासुद्धा, शांतपणे सांगू लागली, "आईने माऊ मारली."

"हो का," दूधवाला म्हणाला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

ट्रक पळू लागला. पण आता असं लक्षात आलं, की खेळातलं 'सुरू करा'चं बटण पडद्याच्या खाली, कडेच्या बाहेर गेलंय. ते ना दिसत होतं, ना बाणाला सापडत होतं. घुबडाने शेवटचं उत्तर दिलं, 'तुम्ही अक्षरं दुप्पट केली आहेत. खेळाला वाटतं तुमचा पडदा अर्धाच आहे. अक्षरं नेहमीच्या मापाला आणा, किंवा खेळासाठी कॉम्प्युटरवर दुसरं अकाउंट काढा.'

दुसरं अकाउंट. इतका सोपा उपाय, की तिला हसूच आलं. बाबांचं अकाउंट वेगळं, त्यात मोठी अक्षरं. खेळाचं वेगळं, त्यात नेहमीची. वीजकाकांनाही पटलं. "बरोबर आहे. एका घरात दोन मीटर. कटकट नाही."

ती जेवताना सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, तुमचं अकाउंट मी वेगळं काढते. म्हणजे तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला."

सासऱ्यांचा हात ताटातच थांबला.

"वेगळं काढतेस," ते म्हणाले.

"म्हणजे तसं नाही बाबा, नुसतं कॉम्प्युटरमध्ये."

"सुरुवात कशात तरी होतेच, सूनबाई." एरवी ते तिला पोरी म्हणत, सूनबाई झाली की ती समजायची, आता बाबा दुखावले. "आमच्या आईनेही आधी नुसतं ताक वेगळं घुसळलं होतं. वर्षाच्या आत घरात दोन चुली झाल्या. मला काही म्हणायचं नाही. कुलूपही वेगळं असेल ना?"

"पासवर्ड असतो, बाबा."

"असणारच," ते म्हणाले, आणि भात तसाच ठेवून उठले. आतल्या खोलीत नवऱ्याने सगळं ऐकलं असणार, कारण दार उघडं होतं. तिला वाटलं, निदान आता तरी 'काय झालं' म्हणून विचारेल. कॉट करकरली. कुठल्या बाजूला, ते तिने त्या दिवशी मुद्दाम ऐकलं नाही.

तर वेगळी चूल रद्द. एकत्र कुटुंब, एकच डेस्कटॉप. मग तिने तो मार्ग काढला, जो एकत्र कुटुंबातल्या बायका पूर्वापार काढत आल्या आहेत: सगळे झोपले की आपलं उरकून घ्यायचं आणि त्यांच्या उठण्याआधी जसंच्या तसं करून ठेवायचं. दुपारी सासऱ्यांचं घोरणं सुरू झालं की ती अक्षरं लहान करायची, खेळ नीट जुळवत बसायची, आणि चहाच्या आधी अक्षरं परत मोठी. या रोजच्या आकसण्या-फुगण्यात डेस्कटॉपवरचे आयकॉन दर वेळी आपली जागा थोडी थोडी सोडायचे. पेपर खाली घसरला, तापमान घड्याळावर चढलं, मोरपंखी पट्टीचं एक टोक लोंबायला लागलं. तिने लक्ष दिलं नाही. तिला ते 'सुरू करा'चं बटण दिसत होतं, बाकी काही दिसत नव्हतं.

आणि एका दुपारी गुंडीने न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज, बाहेर ती. दाराच्या फटीतून तिने गुंडीला गाणी म्हणून दाखवली, धमक्या दिल्या, बिस्कीट दाखवलं, शेवटी ती रडायला लागली तेव्हा गुंडीने कंटाळून स्वतःच कडी काढली. या सगळ्यात अक्षरं लहानच राहिली. संध्याकाळी तिला आठवण झाली तेव्हा तिने ती गुपचूप मोठी केली. चहाच्या वेळी कॉम्प्युटरपुढे बसलेले सासरे तेव्हा केव्हाच उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. ते खुर्चीत बसून बंद पडद्याकडे बघायचे. मग तिला आणखी काही दिसू लागलं. ते भिंतीला हात लावत चालायचे. एकदा तर डोळे घट्ट मिटून, ओठांत काही तरी पुटपुटत, आरामखुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत गेले. आधी नवरा, आता सासरे. हे घराण्यातच असावं. मग तिने गुंडीकडे बघितलं. गुंडीही भिंतीला हात लावून चालत होती, पण ती आजोबांची नक्कल करत होती.

"बाबा, काही होतंय का तुम्हाला?"

"काही नाही, पोरी." आवाज फार मऊ. "तुझ्यामागे आधीच पुष्कळ आहे."

असलं मऊ बोलणं तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि कांदा नव्हता म्हणून नळ सोडला.

एका सकाळी वीजकाका सासऱ्यांना घेऊन कुठेसे बाहेर पडले. परतले ते अशा थाटात, की जिन्यातल्या सगळ्या दारांच्या फटी रुंदावल्या. पुढे वीजकाका, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून डोळ्यांवर काळा चष्मा लावलेले सासरे, एकेक पायरी पायाने चाचपत.

"बाबा," म्हणत ती पुढे झाली.

"घाबरू नकोस," वीजकाका दारातूनच म्हणाले, खालच्या मजल्यापर्यंत पोचेल असं. "डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्यात, तपासायला. म्हणून दिसत नाहीये. तशी यांची नजर उत्तम आहे. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसत नाही? म्हणाले, पेपर. भिंतीवरचं घड्याळ दिसतं? म्हणे दिसतं. रस्त्यावरची पाटी? वाचून दाखवली. मग डॉक्टर म्हणाले, आजोबा, तुमच्या पेपरालाच काही झालंय." ते थांबले. "मी म्हटलं, या घरात अक्षरांची वाढ-घट कोण करतं, ते मला ठाऊक आहे."

खालून शिवणकामवाल्या वहिनींचं मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

तिने सगळं सांगितलं. रोजची दुपार, लहान-मोठी अक्षरं, बटण, गुंडीचं न्हाणीघर. सांगताना आपण पदवीधर आहोत, लग्नाआधी एका शाळेत शिकवत होतो, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, हे सगळं तिला आठवत होतं आणि काही उपयोग होत नव्हता.

सासरे खुर्चीत बसले. काळा चष्मा तसाच. "मला वाटलं, गेली नजर," ते म्हणाले. "एकदम एका दिवसात. म्हटलं, कुणाला सांगू नये. घरात एकाचं चाललंय तेवढं पुरे. न्हाणीघरापर्यंत जाता येईल एवढा सराव करून ठेवला." मग ते म्हणाले, "काढ तू तुझं वेगळं अकाउंट. कुलूप लाव. पण माझी अक्षरं माझ्या डोळ्यांना विचारल्याशिवाय हलवू नकोस."

ती हो म्हणाली. आतल्या खोलीकडे तिची नजर गेली. दार उघडं होतं. स्वतःचा बाप आंधळ्यासारखा जिना चढून आला, आणि आतून कुणी उठलं नव्हतं.

वेगळं अकाउंट निघालं. त्यात ना मोरपंखी रंग, ना मांजर, ना सेकंद. नुसता राखाडी पडदा आणि खेळ. 'सुरू करा' खाली उजवीकडे, जिथे असायला हवं तिथे. दाबलं. दोन काठ आले, मध्ये नदी, ट्रक वाट बघत उभा. तिने दुसरी खुर्ची शेजारी आणून ठेवली आणि आत गेली.

"अरे, ऊठ ना. एक दाखवायचंय."

तो उठला. खरंच उठला. बाहेर येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याने नदी बघितली, दोन काठ बघितले. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. गुंडीचा ताप उतरतोय की चढतोय हे बघायची तशी.

"आठवतं?"

"आठवतं," तो म्हणाला.

"खेळायचं?"

त्याने खुर्चीवरचा हात काढला. "नको," म्हणाला, आणि आत गेला.

निदान तिचा शब्द परत केला नाही, एवढीच त्यातली प्रगती. ती ट्रककडे बघत बसली. मग तिने खेळ बंद केला, अकाउंटही बंद केलं, आणि दुसरी खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली. घुबडाला कळवायचं राहिलंच होतं. तिने मंच उघडला, लिहिलं, 'सुटलं. धन्यवाद.' आणि पाठवून दिलं. बाकी काय लिहिणार? घरची परिस्थिती तिथे चालत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे पेपर उघडून, अर्धा वाचून, अंघोळीला गेले होते. ती ओट्याशी भाजी परतत होती. नवरा पाणी प्यायला उठला. पेला घेऊन परत जाताना त्याची पावलं बाहेरच्या खोलीत थांबली. ती पावलं थांबायची जागा नव्हती.

"हे असं कुणी केलं?"

तिला आधी वाटलं, वीजकाका आले. मग कळलं. ती झारा हातात घेऊन दारात आली.

तो पडद्यासमोर वाकून उभा होता. "या ओळीत आणि या ओळीत किती फरक आहे बघ. आणि ही पट्टी," त्याने बोट लावलं, "इकडे जाड आहे, तिकडे लोंबतेय. घड्याळावर तापमान. कुणी केलं?"

"मी," ती म्हणाली. "म्हणजे सगळ्यांनीच."

तो पेला ठेवून बसला. उठला, आत गेला, कपाटातून आपली पारदर्शक मोजपट्टी घेऊन आला आणि तिची कड पडद्यावर टेकवून बघायला लागला. ती तशीच उभी राहिली. भाजी खाली लागल्याचा वास आला, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा गॅसकडे धाव घेतली नाही. सासऱ्यांनीच टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत जाऊन तो बंद केला आणि पेपर न मागता, दाराआड उभे राहिले.

वीजकाका येऊन गेले. "सेकंद तेवढे काढू नकोस," म्हणाले. "तिकडे ठेवतो काका, इथे गर्दी होते," नवरा म्हणाला. गुंडी त्याच्या मांडीवर चढून बसली आणि तिने त्यालाही सांगितलं, आईने माऊ मारली. तो म्हणाला, "बघू."

एकेक आयकॉन रांगेत बसत गेला. पेपर डावीकडे, वर. मग त्याने मान वळवली.

"यातलं तुझं कुठलं?"

तिने पडद्याकडे बघितलं. पेपर बाबांचा. घड्याळ, तापमान वीजकाकांचं. रंग वहिनींचा. मांजर गुंडीचं, ते तर गेलेलंच.

"माझं काही नाही," ती म्हणाली.

त्याने मोजपट्टी पुन्हा पडद्यावर टेकवली. "मग एक घर मोकळं ठेवतो," म्हणाला, आणि दुसऱ्या ओळीतली एक जागा सोडून पुढचे सगळे आयकॉन एकेक करून सरकवले.

त्यानंतरच्या सकाळी तो परत पाठ टेकून पंख्याकडे बघत पडला होता. "चहा देऊ?" "दे." डेस्कटॉप बाहेर आखलेल्या वहीसारखा सरळ होता, कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. गुंडीला अंघोळ घालून, पुसून, कपडे चढवून ती बाहेरच्या खोलीत आली. सासरे खाली फिरायला गेले होते. तिने आतल्या दाराकडे एकदा बघितलं. मग माउस धरला, वीजकाकांचं तापमान बोटभर खाली ओढलं, पट्टीचं एक टोक थोडं लोंबतं केलं. पेपरला मात्र हात लावला नाही.

मग ती ओट्याशी गेली, नळ बारीक केला आणि आतल्या खोलीकडे कान देऊन उभी राहिली.